उताऱ्यावर अजून दादाच अध्यक्ष

(सोलापुरातल्या मंडळं, वाचनालयं आणि महिला संस्थांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मे महिन्यातल्या रविवारी, सोलापूरच्या उन्हात, दुपारची झोप मोडून तुम्ही कायदा ऐकायला आलात. म्हणजे एकतर संस्थेवर फार जीव आहे, नाहीतर नोटीस आली आहे. नोटीस आली असेल त्यांनी शेवटी थांबा, आपण चहा घेता घेता बघू.

मघाशी दारातच मी काही जणांना विचारलं, पीटीआरचा उतारा आणलाय का? तिघांकडे निघाला. त्यातला एक एका जुन्या वाचनालयाचा. शेताचा जसा सातबारा, तसा संस्थेचा हा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीची नक्कल. आपण त्याला परिशिष्ट एक म्हणतो. संस्थेचं नाव, पत्ता, विश्वस्तांची नावं, मिळकती, सगळं त्यात असतं. या उताऱ्यावर अकरा नावं आहेत. मी विचारलं, यातले आज कितीजण काम बघतात? उत्तर आलं, चार. दोघं पुण्याला मुलांकडे गेलेत, पाच वारले. आणि अध्यक्ष? "अध्यक्ष दादा होते. ते २००९ ला गेले."

होते नाही. कागदावर अजून आहेत. गेली कित्येक वर्षं त्या वाचनालयाचा कारभार सरकारदरबारी एक गेलेला माणूस चालवतो आहे, आणि ज्याने रोज संध्याकाळी कुलूप उघडून वर्तमानपत्रं लावली त्याचं नाव कुठेच नाही. आज मला मुख्यतः या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. काम कोण करतं आणि कागदावर कोण आहे, यात जेवढं अंतर पडतं, तेवढं भांडण त्यात शिरतं. तीस वर्षं मी संस्थांची कागदपत्रं करते. पैसे खाल्ल्याची प्रकरणं मी पाहिली, पण कागद वेळेवर न केल्यामुळे मेलेल्या चांगल्या संस्था त्याहून जास्त पाहिल्या.

आधी एक गोंधळ मिटवू. "आमची संस्था रजिस्टर आहे" म्हणताना तुमच्या हातात दोन प्रमाणपत्रं असायला हवीत. पहिलं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचं. त्याला किमान सात माणसं लागतात. दुसरं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचं. पूर्वी त्याच्या नावात 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. आपल्या राज्यात सोसायटी ही विश्वस्त व्यवस्थाही मानली जाते, म्हणून 'एफ'ने सुरू होणारा नंबर मिळतो. एक प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये आणि दुसरं कुणाकडे ते माहीत नाही, अशा संस्था या सभागृहातच पाच तरी असतील. हात वर करायला सांगत नाही.

आता बदल अर्ज, ज्याला आपण सगळे चेंज रिपोर्ट म्हणतो. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, निवडणुकीत नवी बॉडी आली, जागा घेतली, पत्ता बदलला, तर बदल झाल्यापासून ९० दिवसांत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयाला कळवायचं. सोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, ठरावाची नक्कल, नव्या लोकांची संमतीपत्रं, वारलेल्यांचे मृत्यू दाखले. उशीर झाला तर विलंब माफ करावा म्हणून वेगळा अर्ज, आणि त्यात खरं कारण. "सचिव आजारी होते" हे कारण दरवेळी चालत नाही. एका संस्थेचा सचिव कागदोपत्री सलग अकरा वर्षं आजारी होता.

समजा, २०१२ ला निवडणूक झाली, अर्ज दिला नाही. २०१७ ला झाली, नाही दिला. २०२२ च्या बॉडीला बँकेने सही बदलून द्यायला नकार दिल्यावर जाग आली. आता २०२२ चा अर्ज टाकला की पहिला प्रश्न येतो, ही सभा बोलावली कुणी? २०१७ च्या सचिवाने. त्याला सचिव कुणी केलं? २०१२ च्या बॉडीने. ती नोंदली आहे का? नाही. म्हणजे मागून एकेक दार उघडत यायचं, आणि पहिल्या दाराची किल्ली दादांच्या खिशात. तेवढ्यात दादांचा पुतण्या उभा राहतो, हरकत घेतो, की मला सभेची नोटीसच मिळाली नाही. त्याचं खरंही असतं. मग चौकशी, साक्षी, उलटतपास. इकडे वाचनालयाचं अनुदान अडलेलं, आणि ग्रंथपाल बाई सात महिने बिनपगारी.

उलटतपास म्हटल्यावर एक किस्सा सांगते. संस्थेचं नाव विचारू नका. तिथे दोन गटांत वाद होता. एका गटाने प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांची इतिवृत्ताची वही, हजर केलं, लाल कापडी बांधणीचं, लांबोडकं. सगळं नीटनेटकं, अगदी नको इतकं. तीन वर्षांच्या सभा, आणि शाई एकच, अक्षराचा तिरकेपणा एकच, कुठे खाडाखोड नाही, कुठे चहाचा डाग नाही. खरं प्रोसिडिंग बुक असं नसतं ओ. त्यात एका सभेत सूचकाचं नाव चुकतं, एकाची सही रेघेबाहेर जाते, मध्येच कोणीतरी फोन नंबर लिहून ठेवतो. एका महत्त्वाच्या ठरावाची तारीख वकिलांनी बघितली आणि पंचांग काढलं. भोगीचा दिवस, दुपारी दोनची सभा, अध्यक्षस्थानी स्वतः कार्याध्यक्ष. बाहेरगावच्या माणसाच्या ध्यानात हे आलं नसतं. सोलापुरात भोगीच्या दुपारी संमती कट्ट्यावर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा असतो, मानकरी नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या, घेऊन येतात, अर्धं शहर तिथे लोटतं. वकिलांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही दरवर्षी नंदीध्वज धरता ना?" छाती फुगवून उत्तर आलं, "धरतो की, वडिलांपासून मान आहे." "त्या वर्षीही?" मग मात्र माणूस गप्प झाला. समोर पेपरातला फोटो ठेवला होता. पांढऱ्या बाराबंदीत हे महाशय सात नंदीध्वजांपैकी एकाला हात लावून उभे.

एकदा वही खोटी ठरली की तिच्यातले खरे ठरावसुद्धा संशयात जातात. ती माणसं चोर नव्हती. सभा घेत होती, चर्चा करत होती, फक्त लिहीत नव्हती. सगळं "नंतर लिहू"वर ठेवलेलं. मग एका रात्री बसून तीन वर्षं लिहून काढली. म्हणून माझी एकच विनंती आहे, इतिवृत्त सभेतच लिहा. अशुद्ध लिहा, तुटक लिहा, पण उठायच्या आत लिहा, आणि खाली मोकळी जागा राहिली तर तिरकी रेघ मारा. नाहीतर त्या जागेत पुढे काय उगवेल सांगता येत नाही.

अजून एक अडचण आपल्या शहराची खास आहे. इथे सभा एका भाषेत होते आणि वही दुसऱ्या भाषेत असते. पूर्व भागातल्या एका महिला संस्थेत मी गेले होते. बहुतेक बायका विडी वळणाऱ्या, घरात तेलुगू. चर्चा जोरदार झाली, मला निम्मी कळली नाही. सचिवांनी मराठीत ठराव लिहिला आणि वही फिरली. शेजारच्या आजींनी अंगठा उठवला. तंबाखूने बोट पिवळं पडलेलं, त्यावर जांभळी शाई. मी विचारलं, कशावर उठवला? म्हणाल्या, "हजेरीवर." तो ठराव कर्जाला जामीन राहण्याचा होता. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण हप्ते थकल्यावर त्या आजी काय सांगणार होत्या? तेव्हापासून मी प्रत्येक संस्थेला सांगते, ठराव लिहून झाला की तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत, जी भाषा समोर बसली असेल त्या भाषेत वाचून दाखवा, आणि "वाचून व समजावून दिला" असं खाली लिहून वाचणाराची सही घ्या. पाच मिनिटं जास्त जातात.

नियमावली किती जणांनी स्वतः वाचली आहे? बहुतेकांची नियमावली झेरॉक्सच्या दुकानात जन्मते. एका बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या उद्देशांत मला गोशाळा सापडली. उद्देश बदलायला १८६० च्या कायद्याने दोन विशेष सभा लागतात, मध्ये एक महिन्याचं अंतर, आणि दोन्ही वेळा तीन पंचमांश मतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच नीट वाचा. आणि ते लाडकं वाक्य, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी घेण्यात आली". नियमावलीत ती सोय असेल तर चालेल. पण दरवर्षीची प्रत्येक सभा तहकूबच होत असेल, तर निरीक्षकालाही कळतं की सभासद फक्त यादीत आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण हिशोबनीस मंडळींना हे माहीत असतं आणि बाकीच्यांना ऐकायचं नसतं. वर्ष ३१ मार्चला संपतं, सहा महिन्यांत ऑडिट. पावतीपुस्तकांना क्रमांक, आणि कोणतं पुस्तक कुणाकडे दिलं त्याची नोंद. दोन हजारांवरची रोख देणगी घेतलीत तर देणगीदाराला तिच्यावर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा. संस्थेच्या प्राप्तिकरमाफीचं, म्हणजे बारा-एचं, जुनं प्रमाणपत्र कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०२१ पासून कायमची नोंदणी संपली, आता तिला मुदत असते. शिल्लक पैसा जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवायचा मोह आवरा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. कायद्याने सांगितलेल्या जागा सोडून पैसा गुंतवला आणि बुडाला, तर तो विश्वस्तांकडून वैयक्तिक वसूल होऊ शकतो. "मी फक्त सही केली" हा बचाव नाही.

गणपती आणि जयंती मंडळांची पोरं मागे उभी आहेत, त्यांच्यासाठी एक. तुम्ही वर्षापुरती वर्गणीची परवानगी काढता, ते बरोबरच आहे. पण शिल्लक कुठे जाते? खजिनदाराच्या बचत खात्यात. एका मंडळाचा खजिनदार विसर्जनानंतर दोन आठवड्यांत अपघातात गेला. खात्यावर मंडळाचे सव्वादोन लाख, वारस म्हणून बायको. बिचारी द्यायला तयार होती, पण बँक म्हणाली खातं तुमच्या नवऱ्याचं, आणि दीर म्हणाला ही तर भावाची कमाई. मंडळाकडे पुरावा काय, तर व्हॉट्सअॅपवरचा एक फोटो. ते पैसे अजून तसेच आहेत. मूर्ती दरवर्षी पाच फूट उंच करण्याआधी एकदा नोंदणी करा आणि मंडळाच्या नावाने, दोन सह्यांचं खातं काढा.

जागेचं एवढंच लक्षात ठेवा. संस्थेची मिळकत विकायची, तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. भाड्यानेही इमारत किंवा बिनशेती जागा तीन वर्षांच्या वर, शेतजमीन दहा वर्षांच्या वर, परवानगीशिवाय देता येत नाही. नव्या पेठेसारख्या बाजारात गाळा असला की गोड बोलणारे फार येतात. "आधी करार करू, परवानगी मागाहून काढू" असं म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष महिला, निम्म्या तरी महिला, एक सदस्य बाहेरची. "आमच्यात तसलं काही नाही" हे मला सगळ्यात आधी अध्यक्षच सांगतात, आणि ते सांगत असताना कोपऱ्यातल्या मदतनीस मुली खाली बघत असतात. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तिचा पत्ता भिंतीवर लावा.

बास, आता प्रश्न घेऊ. हं, तुम्ही बोला.

(एका कार्यकर्त्याने विचारलं, अध्यक्ष जिवंत आहेत, पण चार वर्षं सभेला येत नाहीत, राजीनामाही देत नाहीत, काय करायचं?)

हे मेलेल्या अध्यक्षापेक्षा अवघड आहे. त्यांच्यासाठी निदान दाखला मिळतो. आधी नियमावली उघडा. लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहिल्यास पद रिकामं होतं, असं कलम बऱ्याच ठिकाणी असतं. असेल तरी लगेच नाव कापू नका. त्यांना प्रत्येक सभेची नोटीस रीतसर पाठवा, तोंडी निरोप नको, हाती देऊन सही घ्या किंवा पोस्टाने पाठवा. मग खुलासा मागा, मुदत द्या. मुदत संपली की विषयपत्रिकेवर तो विषय स्वतंत्रपणे घ्या, "ऐनवेळचे विषय" यात घुसडू नका. ठराव झाला की त्याच आठवड्यात बदल अर्ज. आणि पोस्टाच्या पावत्या पाकिटात ठेवता ना तुम्ही? तिथे त्या उडतात, छपाई पुसते. झेरॉक्स काढून मूळ पावतीसकट वहीच्या त्याच पानाला डकवा. तुमच्याकडे किती पावत्या आहेत?

एकही नाही? मग पहिली नोटीस उद्या सोमवारी पाठवा.