१३ डिसेंबर ते १३ जानेवारी

नमस्कार मंडळी. स्वीडनच्या ख्रिसमसवर बोल असं मला सांगितलंय, पण मी सुरुवात अंधारापासून करते, कारण तो अंधार कळला नाही तर तिथला एकही सण नीट कळत नाही. मी चार वर्षं उप्सालाला होते, स्टॉकहोमच्या थोडं उत्तरेला. डिसेंबरमध्ये तिथे साडेआठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि दुपारी पावणेतीनला सूर्य मावळतो, म्हणजे जेवणाचा डबा धुवून ठेवेपर्यंत संध्याकाळ. पार उत्तरेला किरुनाला तर काही आठवडे सूर्य उगवतच नाही. पहिल्या नोव्हेंबरात मला रोज रडू यायचं, खरंच सांगते.

आणि मग ॲडव्हेंटचा, म्हणजे ख्रिसमसची वाट बघण्याच्या दिवसांचा, पहिला रविवार आला, ख्रिसमसच्या आधीचा चौथा, आणि एका वीकेंडमध्ये सगळं गाव बदललं. प्रत्येक खिडकीत सात छोट्या दिव्यांचा त्रिकोणी स्टँड नाहीतर कागदाची मोठी चांदणी, घरात, ऑफिसात, लायब्ररीत, सगळीकडे. हा विजेचा स्टँड तसा जुना नाही, १९३०च्या दशकातला आहे. पण मला भिडलं ते हे की पडदे कोणी ओढत नाही, दिवा खिडकीच्या काचेशी ठेवतात, आपला आकाशकंदील जसा घराबाहेर लागतो ना तसा, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही तो मिळतो.

आता १३ डिसेंबर, लुसिया, म्हणजे संत लुसियाच्या नावाचा सण. ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. मध्ययुगात जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे वर्षातली सगळ्यात मोठी रात्र ह्या तारखेच्या आसपास यायची. लोक मानायचे की ही रात्र धोक्याची, भुतंखेतं बाहेर पडतात, गोठ्यातली जनावरं बोलतात, म्हणून जागं राहायचं आणि जनावरांना जास्तीचा चारा घालायचा. पुढे १७५३मध्ये स्वीडनने कॅलेंडर बदललं, १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च, आणि मोठी रात्र २१-२२ डिसेंबरला गेली पण लुसिया १३लाच राहिली. आपल्या संक्रांतीचं बघा, उत्तरायण खरं डिसेंबरातच सुरू होतं आणि आपण जानेवारीत तिळगूळ वाटतो. सूर्य एकीकडे आणि तारीख एकीकडे, तरी दोन्हीकडची माणसं सण सोडत नाहीत, मला हे फार मोलाचं वाटतं.

माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा सकाळी सातला बोलावलं होतं. मिट्ट काळोख, आम्ही सगळे आईबाप जॅकेट घालून उभे, हॉलमधले लाइट बंद, आणि लांबून गाणं ऐकू आलं. पुढे पांढरा झगा, कमरेला लाल फीत, डोक्यावर दिव्यांचा मुकुट अशी लुसिया, मागे मुली हातात एकेक दिवा घेऊन, मुलांच्या डोक्यावर सोनेरी चांदण्यांच्या उंच कागदी टोप्या, आणि सगळ्यात मागे जिंजरब्रेड बिस्किट झालेली माझी पोरगी. लहान मुलांचे दिवे बॅटरीचे असतात पण त्या अंधारात ते काही जाणवत नाही. गाण्याची चाल मूळची इटलीतल्या नेपल्सची आहे, शब्द मात्र स्वीडिश, जड पावलांनी चालणाऱ्या रात्रीचे. नंतर कॉफी आणि केशर घातलेला, एस आकाराचा बन, दोन्ही टोकांना एकेक मनुका.

मुख्य ख्रिसमस २४लाच. मीठ लावलेलं डुकराचं मांस, हेरिंग मासा, बटाट्याचं क्रीममधलं जान्सोन, रात्री तांदळाची खीर. दुपारी ३ वाजता, सूर्य मावळल्या मावळल्या, घरंच्या घरं टीव्हीवर डोनाल्ड डक बघतात, १९६०पासून. येव्हले गावात चौकात १३ मीटर उंच पेंढ्याचा बोकड उभा करतात आणि कोणीतरी तो चोरून जाळतं, १९६६पासून कितीतरी वेळा. लोक ह्यावर हसतात, मला नाही हसू येत, माणसांच्या हातची मेहनत आहे ती.

१३ जानेवारीला संत क्नुटचा दिवस. पोरं ख्रिसमस ट्रीभोवती नाचतात, झाडावरचा खाऊ संपवतात आणि झाड घराबाहेर जातं. दुसऱ्या दिवशी संक्रांत, मी तिळगूळ घेऊन वरच्या मजल्यावरच्या आजींकडे गेले. त्यांच्या खिडकीतला स्टँड खोक्यात गेला होता. त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. सव्वातीन वाजले होते आणि बाहेर अजून उजेड होता.