जॉनी बरोबरी म्हणाला होता

[पडद्यावर: बुद्धिबळाचा पट, शेजारी संगणक. सोंगटी उचलणारा माणसाचा हात.]

ऑस्ट्रियातलं ग्राझ शहर, साल 2003. संगणकांच्या बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा रंगात आली आहे. पटाच्या एका बाजूला श्रेडर, श्टेफान मायर-कालेन यांचा कसलेला प्रोग्रॅम. समोर जॉनी, एका हौशी प्रोग्रॅमरनं लिहिलेला.

इथे माणसाचं काम पोस्टमनचं. आपल्या प्रोग्रॅमची चाल पटावर करायची, समोरची चाल प्रोग्रॅमला कळवायची. बस्स.

श्रेडर जिंकत आला होता. पण त्याच्यातल्या एका बगमुळे, म्हणजे कोडमधल्या चुकीमुळे, त्याच त्याच चाली होत राहिल्या आणि तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आली. नियमानं इथे बरोबरी मागता येते. जॉनीच्या स्क्रीनवर तशी सूचनाही झळकली.

जॉनीच्या माणसानं ती बाजूला सारली. डाव पुढे सुरू राहिला. जॉनी हरला.

समोरच्याच्या बगमुळे मिळणारा अर्धा गुण त्याला नको होता. गल्लीतल्या कॅरमच्या स्पर्धेत असं कुणी केलं, तर आपण त्याची पाठ थोपटू. रडीचा डाव खेळला नाही म्हणू. पण ग्राझमध्ये खेळत होता जॉनी. हा गडी फक्त निरोप पोचवणारा, आणि नेमका तोच निरोप त्यानं पोचवला नाही.

त्याच्या दिलदारपणाचं बिल मात्र तिसऱ्याच्याच नावावर फाटलं. श्रेडर आणि फ्रिट्झ हा आणखी एक प्रोग्रॅम, दोघांचे गुण शेवटी सारखे झाले. जादा डावांत श्रेडर जगज्जेता ठरला. जॉनीची बरोबरी नोंदली गेली असती, तर श्रेडरचा अर्धा गुण कमी झाला असता आणि फ्रिट्झ एकटाच पुढे राहिला असता. वाद झाला, निकाल मात्र बदलला नाही.

[पडद्यावर: काळ्या स्क्रीनवर सरकणारा कोड.]

निदान हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. कोडच्या आत काय चाललंय, ते कोण बघणार?

2005 मध्ये फाबियाँ लेतुझे यांच्या फ्रूट या प्रोग्रॅमची 2.1 आवृत्ती खुल्या सोर्स कोडसह आली. कुणीही वाचावा, शिकावं. त्याच वर्षाच्या अखेरीस वासिक रायलिख यांचा रिब्का आला. चेक भाषेत रिब्का म्हणजे चिमुकला मासा. या माशानं 2007 ते 2010 अशी सलग 4 जागतिक जेतेपदं गिळली.

स्पर्धेचा नियम साधा होता: कोड स्वतःचा हवा, दुसऱ्याचा घेतलात तर तसं सांगा. रिब्कात फ्रूटचा कोड उतरवल्याचा आरोप झाला आणि 2011 मध्ये आयसीजीए या आयोजक संघटनेनं चौकशी केली. एक पुरावा तर फारच बोलका. फ्रूट वेळ मोजतो दशांश अपूर्णांकांत, म्हणून तिथे तुलना 0.0 शी. रिब्का वेळ मोजतो पूर्णांकांत, तिथे नुसता 0 पुरला असता, तरी तिथेही 0.0 होतंच! शेजाऱ्याचा पेपर उतरवताना त्याची खाडाखोडसुद्धा उतरावी, तसं.

रायलिख यांनी आरोप नाकारला. तरी चारही जेतेपदं काढून घेतली गेली आणि त्यांच्यावर आजीवन बंदी आली.

मला पुरावा पटतो. चौकशीची रीत पटत नाही. ज्या क्राफ्टी प्रोग्रॅममधूनही कोड उचलल्याचा आरोप होता, त्याचे लेखक रॉबर्ट हायट चौकशी चालवणाऱ्यांतच होते. इतरही बरेचसे याच धंद्यातले, म्हणजे प्रतिस्पर्धी. काढून घेतलेली जेतेपदं गेली मागच्या क्रमांकांवरच्या प्रोग्रॅमांना. फिर्यादी कोण आणि न्यायाधीश कोण, हे बाहेरच्याला सांगताच येऊ नये, अशी ती मांडणी.

2015 मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नीती आयोगानं या आजीवन बंदीवरून आयसीजीएला ताकीद दिली. जेतेपदं काही परत मिळाली नाहीत.

[पडद्यावर: पुन्हा पट.]

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडनला जागतिक स्पर्धा भरली. जगज्जेता ठरला जॉनी. हो, ग्राझमधलाच तो.