पंचांगावरचा अंगठा

नमस्कार मंडळी. पोलीस तपासाच्या शास्त्रातले मोठे लोक म्हटलं की पॅरिसच्या बर्टिलॉनपासून सुरुवात करतात, तो कैद्यांची डोकी, हात, पाय मोजायचा आणि मापावरून माणूस ओळखायचा. पण मोजणारा शिपाई बदलला की माप बदलायचं. झालं, बर्टिलॉन बाजूला ठेवू, मला बोटांच्या ठशांची गोष्ट सांगायला बंगालमधल्या जलपाईगुडीला जायचंय.

साल १८९७. भूतानच्या सरहद्दीजवळचा चहाचा मळा. मॅनेजर पलंगावर पडलेला, गळा चिरलेला, तिजोरी फोडलेली, शेकडो रुपये गायब. संशय कुणाकुणावर? मळ्यातल्या मजुरांवर, आणि स्वयंपाक्यावर, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग. तो म्हणतो, अहो साहेबांच्या जेवणासाठी कबुतर मारलं होतं! (गरिबाच्या कपड्यांवरचा डाग आधी दिसतो, हे तेव्हाही तसंच.) मग कागदपत्रं चाळताना सापडलं एक बंगाली पंचांग, निळसर कव्हरचं, आणि त्यावर तपकिरी पुसट ठसा. रक्ताचा! ते गेलं कलकत्त्याच्या फिंगरप्रिंट ब्युरोत, म्हणजे गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे कार्डांवर घेऊन जपणाऱ्या कचेरीत, जी त्याच वर्षी सुरू झाली होती, आणि ठसा जुळला कांगाली चरणच्या उजव्या अंगठ्याशी. हा मॅनेजरचा जुना नोकर, आधीच्या एका चोरीबद्दल मॅनेजरनेच तुरुंगात धाडलेला. आता गंमत बघा, १८९८ मध्ये कोर्टाने त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाची नाही! खून करताना कुणी पाहिलं नाही ना. लक्षात घ्या, ठसा सांगतो माणूस तिथे होता, काय केलं ते सांगत नाही. सिरियलवाले हे सोयीस्कर विसरतात, ठसा मिळाला की लगेच बेड्या, आणि बॅकग्राउंडला ते ढॅण्ढॅण् म्युझिक, मला तर टीव्ही बंदच करावासा वाटतो.

असो. हजारो कार्डांतून ते एक कार्ड सापडलं कसं? तिथे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय पोलीस अधिकारी. दहा बोटांच्या पाच जोड्या, प्रत्येक बोटावर चक्र, म्हणजे रेषांचा गोल भोवरा, आहे की नाही एवढंच बघायचं, म्हणजे जोडीला चार शक्यता, पाच जोड्या म्हणजे १०२४ कप्पे. परत सांगतो, १०२४. आख्खा ढीग उपसायचा नाही, आपला कप्पा गाठायचा. पद्धतीला नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं, हेन्री पुढे लंडनचे पोलीस कमिशनर झाले, आणि हक-बोस यांना रावबहादुरीच्या जातीच्या पदव्या.