वजन, सवयी आणि ‘मला जमेल’

मंडळी, वजन उतरवायला आलेल्या माणसाला मी आहाराचा तक्ता लगेच देत नाही. आधी विचारते, गणपतीत पाच घरी आरतीला गेलात, प्रत्येक घरी ताटलीत मोदक आले, तर एकावर थांबायला जमेल? माणसं गप्प होतात. किती किलो उतरवायचंय, हे मात्र सगळ्यांचं ठरलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हाच मुद्दा मांडला. अमुक काम अमुक परिस्थितीत मला करता येईल असं वाटतं का, यावर माणूस ते हाती घेतो का आणि अडचणीत टिकतो का, हे बरंचसं अवलंबून असतं. धीट स्वभाव ही निराळी गोष्ट. उधाणाला न घाबरणारा खलाशी बहिणीच्या घरी दुसऱ्यांदा वाढलेला भात परतवू शकत नाही.

१९९१ मध्ये वजनाच्या संदर्भात हा विश्वास मोजणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली आली. मन खचलेलं असताना, खाणं समोर असताना, लोक आग्रह करत असताना, अंगात बरं नसताना, मजेच्या वेळी खाणं आवरता येईल का, असे तिचे पाच भाग. आपल्याकडे मे महिन्यात यातलं बरंच काही एकाच दिवशी येतं. घरात चाकरमानी, आढीत आंबे, अंगणात फोडलेला फणस!

सुरुवातीला कोण किती ठाम आहे, यावरून पुढचं नीट सांगता येत नाही. त्याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. प्रयत्न चालू असताना ज्यांचा विश्वास वाढत जातो, त्यांचं वजन उतरताना जास्त दिसतं. आणि काटा खाली आला की विश्वासही वाढतो. म्हणून विश्वास येण्याची वाट बघत बसू नका.

तो सर्वांत पक्का होतो स्वतः करून पाहिल्याने. म्हणून काम छोटं घ्या. बांगडा सोडू नका, तळण्याऐवजी तिखल्यात घाला. रात्रीचा भात एका वाढीने कमी करा. आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम हवा, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. जुलैच्या पावसात रस्त्यावर चालणं होत नाही, तर पडवीत दहा दहा मिनिटं तीनदा चाला. लावणीला उतरणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नाही. मी दुकानात आणि कचेरीत बसणाऱ्यांशी बोलते आहे.

ध्येयही पेलेल असं ठेवा. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात लक्ष्य फक्त ७ टक्के वजन उतरवण्याचं होतं, म्हणजे ८० किलोच्या माणसाला सुमारे साडेपाच किलो. २००२ मध्ये निकाल आला: आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी.

विश्वासाला दुसरा आधार आपल्यासारख्या माणसाचा. वाडीतल्या शेजारणीला जमलेलं पाहिलं की आपल्यालाही धीर येतो. तिसरा घरच्यांच्या शब्दांचा, आणि तिथेच आपलं घोडं अडतं. ‘खा गो, एका मोदकान काय होतला?’ हे प्रेमानेच म्हटलं जातं, पण नको म्हणणारीचं बळ त्याने खचतं. घरात आधीच बोलून ठेवा: वाढणाऱ्याने एकदाच विचारायचं. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खाली जाऊ शकते.