रीगचे चॅपेल : दगडी भिंतींआडचे रंग

वेल्समधील चॅपेल म्हटले की बहुधा एकोणिसाव्या शतकातील नॉनकन्फॉर्मिस्ट, म्हणजे अधिकृत अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या झालेल्या, पंथीयांचे प्रार्थनागृह डोळ्यांपुढे येते. समोर उंच व्यासपीठ, त्याच्या पायाशी डीकन मंडळींसाठी, म्हणजे चॅपेलच्या कारभाऱ्यांसाठी, राखलेले आसन, तिन्ही बाजूंनी सज्जे आणि या साऱ्या रचनेचा रोख प्रवचनावर. आज मी ज्या वास्तूविषयी बोलणार आहे ती या परंपरेतली नाही. किंबहुना तिच्या आतली सजावट नेमकी उलट भूमिका मांडते.

ईशान्य वेल्समधील कॉर्वेन गावाजवळचे रीगचे चॅपेल कर्नल विल्यम सॅल्सबरी यांनी 1637 मध्ये आपल्या जहागिरीत बांधून घेतले. (बायबलच्या नव्या कराराचे 1567 मधील वेल्श भाषांतर करणारे विल्यम सॅल्सबरी ते वेगळे, नावसाधर्म्यामुळे दोघांची हमखास गल्लत होते.) वाड्यातल्या देवघरासारखे हे खासगी चॅपेल असल्याने आत काय असावे, हे मालकाच्या मर्जीवर होते. त्या वेळी विल्यम लॉड कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे अँग्लिकन चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, होते. उपासनेची जागा सुशोभित असावी, वेदी पूर्वेच्या भिंतीशी कठड्याआड असावी, असा त्यांचा आग्रह होता, तर उपासनेत कडक साधेपणा मागणाऱ्या प्युरिटन पंथीयांना त्यात रोमन कॅथलिक पंथाचे पुनरागमन दिसत होते. अशा काळात छत रंगवणे ही निव्वळ हौस उरत नाही.

बाहेरून ही इमारत एखाद्या साध्या दगडी कोठारासारखी आहे. आत मात्र नजर आपोआप वर जाते, कारण लाकडी छताच्या तुळया आणि कैच्या वेलबुट्ट्यांनी आणि गुलाबांनी रंगवलेल्या असून त्यांच्या टोकांना पंख पसरलेले देवदूत कोरून बसवले आहेत. छताची घडण जाणूनबुजून जुन्या, मध्ययुगीन वळणाची आहे. कोरीव काम नागर नाही, ते गावठी आणि ठसठशीत आहे, आणि माझ्या मते त्याची खरी गोडी त्यातच आहे. बाकांच्या कडांवरचे चित्रविचित्र प्राणी तर खास वाकून पाहावेत, इतक्या मोकळ्या हाताने ते कोरलेले आहेत. मध्यभागी टांगलेले झुंबरही लाकडाचेच असून त्यावर बालदेवदूतांचे मुखवटे आहेत.

या उल्हासाला छेद देते ते उत्तरेच्या भिंतीवरील चित्र. आडवा पडलेला मानवी सांगाडा, कवटी, वाळूचे घड्याळ आणि जळत्या मेणबत्त्या, असा त्यातला ऐवज आहे आणि सोबतच्या ओळी वेल्श भाषेत आहेत. मृत्यूची आठवण देणारी अशी चित्रे त्या काळात युरोपभर होती. पण येथील उपदेश जहागिरीवरच्या नोकराचाकरांनाही समजेल अशा बोलीत लिहिला आहे. सामाजिक उतरंड मात्र बसण्याच्या व्यवस्थेत कायम राहिली. वेदीजवळ छत्री असलेली बंदिस्त आसने मालकाच्या कुटुंबाची आणि बाकीच्यांसाठी उघडी बाके.

पुढे राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यातील यादवी युद्धात सॅल्सबरींनी राजाच्या बाजूने डेन्बीचा किल्ला लढवला आणि राजाचा हुकूम आल्यावरच, ऑक्टोबर 1646 मध्ये, तो खाली केला. इतरत्र संसदेच्या आदेशांनुसार वेदीचे कठडे उखडले जात होते, मूर्ती आणि चित्रे नष्ट होत होती. अशा कट्टर राजनिष्ठाचे हे चॅपेल त्यातून वाचले, हे विशेषच म्हटले पाहिजे.

आज दिसणारे सगळेच 1637 चे आहे, असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येथे डागडुजी झाली. वेदीचा भाग वेगळा करणारा लाकडी पडदा बराचसा त्या काळचा आहे. तो नवा असूनही जुन्या कामात उपरा वाटत नाही, याचे श्रेय व्हिक्टोरियन कारागिरांना द्यायला हवे. नवी दिल्लीचे वास्तुकार एडविन लट्येन्स यांनीही या चॅपेलचा आपल्या कामावर प्रभाव असल्याचे मान्य केले होते. सध्या वेल्सच्या वारसा वास्तूंची देखभाल करणारी ‘कॅडू’ ही शासकीय संस्था या चॅपेलची निगा राखते.