नव्वद दिवस

[दृश्य : डोंबिवली स्टेशन, सकाळ]

सव्वासातची डोंबिवली. सॅक पाठीवरून पोटावर आली की समजायचं, आत लॅपटॉप आहे.

हा त्या सॅकवाल्यांतलाच एक. नाव नको म्हणाला. वय एकतीस, सध्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत सव्वाचार वर्षं. राजीनामा दिल्यावरही नव्वद दिवस काम करावं लागतं, तो नोटीस पीरियड. आज त्याचा एकोणनव्वदावा दिवस.

घाटकोपरला उतरायचं, पूल चढून मेट्रो. मरोळ नाक्याला लाइन बदलायची आणि जमिनीखाली जायचं. ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि याची रिक्षाची रांग सुटली. "सव्वाचार वर्षांत माझं सगळ्यात जास्त भलं मेट्रोनेच केलं," असं म्हणून तो हसतो. हे हसू पुढे पुन्हा दिसेल.

[दृश्य : सीप्झचं गेट, गळ्यातली ओळखपत्रं]

सीप्झ. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी आखलेला पट्टा. मग दागिन्यांचे कारखाने आले, सॉफ्टवेअर आलं. आजही हिऱ्याचे कारागीर आणि कोड लिहिणारे याच गेटातून आत जातात.

आमच्या कॅमेऱ्याला मात्र आत परवानगी मिळाली नाही.

[दृश्य : घर, रात्र. टेबलावर निळी वही]

त्यामुळे ही वही नीट बघा. तीन महिने रोज रात्री तो ती भरतोय. कुठला जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, रात्री दोनला अडकतो, अडकला तर आधी काय बघायचं, कुठल्या क्लायंटला मेल चालत नाही, फोनच लागतो. कंपनीच्या भाषेत याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. कंपनीच्या सिस्टीमवर यातलं फार थोडं आहे. बाकीचं त्याच्या डोक्यात होतं, ते आता या वहीत उतरतंय, तो निघताना.

पेपर टाकला, म्हणजे राजीनामा दिला, त्याच दिवशी मॅनेजरचा फोन आला. "काय रे, काही होतं तर आधी बोलायचंस ना."

बोलला होता. दोन अप्रेझलमध्ये, कामाच्या वार्षिक आढाव्यांत, बोलला होता. टीम कितीही चांगली असो, कुणाला तरी खालचं रेटिंग द्यावंच लागतं, हे उत्तर दोन्ही वेळा मिळालं. मधल्या काळात बाहेरून आलेल्या एका मुलाला यानेच काम शिकवलं. त्या मुलाचा पगार याच्यापेक्षा जास्त निघाला. हे कळलं चहाच्या टपरीवर.

राजीनाम्यानंतर चौथ्या दिवशी काउंटर ऑफर आली : थांब, पगार वाढवतो. दोन वर्षं एप्रिलमध्ये मागूनही न मिळालेला आकडा चार दिवसांत कागदावर आला.

[दृश्य : फोनवर एकामागून एक येणारे कॉल]

आणि हे कॉल. नव्वद दिवसांची अट माणूस टिकावा म्हणून घातलेली. पण समोरच्या कंपनीला हवा असतो लगेच येणारा. मग लोक आधी पेपर टाकतात आणि उरलेले तीन महिने ऑफर गोळा करतात. दुसरी पहिलीपेक्षा मोठी, तिसरी दुसरीपेक्षा. थांबवण्यासाठी घातलेल्या मुदतीतच माणूस बाजारात उभा राहतो. २०२२ मध्ये हा बाजार ऐन भरात होता. त्या वर्षी जूनअखेर इन्फोसिसने जाहीर केलेलं सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण २८.४ टक्के होतं, सप्टेंबरअखेर टीसीएसचं २१.५. मग कंपन्यांनी काय काय केलं? फन फ्रायडे, ऑनलाइन तंबोला, वाढदिवसाचे ई-मेल. 'तुला इथे राहायला काय लागेल?' हा प्रश्न याला कुणी विचारला नाही.

[दृश्य : तो बोलताना, जवळून]

विचारला, पण शेवटच्या आठवड्यात. ऑनलाइन फॉर्म. सोडण्याचं कारण : पर्याय निवडा. 'अधिक चांगली संधी' हा पर्याय सगळ्यात वर. त्याने तो निवडला आणि पुन्हा तसंच हसला. खरं लिहिलं आणि रिलीव्हिंग लेटर, नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, अडकलं तर?

पाच वर्षं भरली नाहीत, म्हणून ग्रॅच्युइटी नाही. त्याच्या जागेवर नवा माणूस आलेला नाही. काम दोघांत वाटलंय. २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे बारा हजार जागा कमी करण्याचं जाहीर केल्यापासून ते दोघेही गप्प आहेत.

[दृश्य : टपरी, संध्याकाळ. केक]

नव्वदावा दिवस. निरोप टपरीवरच, कारण अर्धी टीम पुण्यात बसते. ते व्हिडिओ कॉलवर आहेत, फोन साखरेच्या डब्याला टेकवलाय. केक कापायला टपरीवाल्याचीच सुरी. तो पैसे घेत नाही. "साहेब, आता उधारी कुणाच्या नावावर लिहू?"

[दृश्य : गेट. तो बाहेर येतो]

लॅपटॉप जमा, चार्जर जमा, ओळखपत्र जमा. निळी वही त्याने ज्युनियरच्या हातात दिली. फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नव्हता. सॅक रिकामी आहे. तरी मेट्रोत शिरताना बघा, त्याने ती पोटावरच घेतलीय.