रायफल खाली घे!

(दृश्य: दुधाळीची नेमबाजी रेंज, कोल्हापूर. सकाळचा सराव. लक्ष्याचा क्लोजअप.)

मधोमध दिसणारा हा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. दहा मीटरवरच्या एअर रायफलमध्ये ‘दहा’ म्हणजे एवढीच जागा.

आता या मुलीकडं बघा. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकलाय. पाठ किंचित मागं झुकलीय, कारण ही जड रायफल दंडाच्या जोरावर पेलायची नसते, हाडांवर तोलायची असते. जाड जॅकेटनं अंग आवळून धरलंय. गाल टेकला. श्वास सोडला, थोडा राखला. बोट ट्रिगरवर आलं. पाच सेकंद. सहा. सात. आठ.

आणि तिनं रायफल खाली घेतली.

हे चित्रित करताना कॅमेऱ्यामागं कुणीतरी हळहळलं. तिचे सर मात्र मान डोलावताहेत.

(दृश्य: तीच कृती, संथ गतीत. नळीच्या टोकाची थरथर.)

आठ-दहा सेकंदांच्या पुढं शरीर साथ सोडायला लागतं. श्वास रोखलेला असतो, एकटक पाहून नजर थिजते, नळीचं टोक डुलू लागतं. नेमक्या याच वेळी मन सांगतं, एवढा वेळ धरलीस, आता सोडच. हातचा गेलेला शॉट ओढूनताणून मारायचा मोह इथं होतो. त्यात शेजारच्या लेनवर १०.६ पडलेला दिसला (ठिपक्याच्या मध्याला जितकं जवळ, तितके दशांश जास्त), तर आपल्याला १०.७ हवा असतो. मग डोळा नेम धरायच्या साइटमध्ये आणि मन शेजारच्या मॉनिटरवर.

कोल्हापूरला हे सांगणं सोपं नाही. इथं पेठांचा फुटबॉल ईर्षेवर चालतो, तालमीतली कुस्तीही. माघार कुणाला पचत नाही. पोरं तीच ईर्षा घेऊन रेंजवर येतात, आणि पहिले काही महिने सरांचा एकच घोष असतो, “खाली घे. खाली घे बाळ, परत उचल.”

नियमांनी तर सवड दिलेली आहे. पात्रता फेरीत ६० शॉट आणि ७५ मिनिटं, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. अर्ध्या मिनिटात शॉट होत असेल, तर जवळपास प्रत्येक शॉट एकदा मोडून पुन्हा घेता येतो. तरी वेळ कमी पडेल या भीतीनं नाही, तर बघणारे काय म्हणतील या भीतीनं मुलं ट्रिगर ओढतात. आम्हाला या सगळ्यात हेच सर्वांत जास्त खटकलं.

(दृश्य: पिस्तूल लेन.)

२५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड फेरीत ही मुभा नाही. लक्ष्य तीन सेकंद समोर, तेवढ्यात गोळी सुटलीच पाहिजे. तिथला निर्णय हात वर येतानाच झालेला असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडचं सुवर्ण दोन शूट-ऑफनंतर, म्हणजे बरोबरी मोडण्याच्या जादा फेऱ्यांनंतर, जिंकलं, ते याच प्रकारात.

(दृश्य: कांबळवाडीचा रस्ता.)

राधानगरी तालुक्यातल्या या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२३ मध्ये हांगझोऊ एशियाडला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) अंतिम फेरीत आघाडीवर होता. उभ्या स्थितीत एक शॉट ७.६ गेला आणि तो चौथा आला. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पहिल्या, गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर सहावा असूनही ४५१.४ गुणांनी कांस्य. बिघडलेलं मागं सोडून परत उचलणं, ते हेच.

(दृश्य: मुलीची वही.)

या वहीत दोन रकाने आहेत. एकात गुण. दुसऱ्यात रायफल किती वेळा खाली घेतली आणि का. “पाय हलला.” “घाई.” “बाबा बघत होते.” पालक येतात ते पहिलाच रकाना वाचतात. शालेय स्पर्धांसाठी मुलं निवडणाऱ्यांनी दुसराही मागावा, अशी आमची विनंती आहे.